आधी पट्टी काढा: ई-बुक रीडर किती इंची घ्यावा?

ई-बुक रीडर घ्यायचं ठरलं की आधी कंपनी ठरते, मग किंमत, आणि स्क्रीन किती मोठा हवा हा प्रश्न किमतीच्या ओघात आपोआप सुटतो. हा क्रम उलटा हवा. फॉन्ट बदलता येतो, कव्हर बदलता येतं, पुस्तकं एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेता येतात. स्क्रीन मात्र उपकरण विकेपर्यंत आहे तेवढाच राहतो. त्यात मराठी वाचणाऱ्याची अडचण जरा वेगळी. आपल्याला हवी असलेली बरीच जुनी पुस्तकं अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात, आणि पीडीएफचं पान स्क्रीनच्या मापाप्रमाणे स्वतःला जुळवून घेत नाही. म्हणून कुठलाही मॉडेल नंबर पाहण्याआधी घरातली पट्टी आणि एक छापील पुस्तक घेऊन बसा.

जाहिरातीतले इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. बहुतेक ई-इंक स्क्रीन (ई-बुक रीडरचा कागदासारखा दिसणारा पडदा) ४:३ प्रमाणात असतात, त्यामुळे शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण इथे आयता उपयोगी पडतो. कर्णाला ०.६ ने गुणलं की रुंदी मिळते, ०.८ ने गुणलं की उंची. सहा इंची स्क्रीन म्हणजे ९१ बाय १२२ मिमी. सात इंची १०७ बाय १४२, ७.८ इंची ११९ बाय १५८, आठ इंची १२२ बाय १६३. मग एकदम उडी: १०.३ इंची १५७ बाय २०९ आणि १३.३ इंची २०३ बाय २७०. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील.

कर्णातला एक इंच वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. सहावरून सातवर गेलात की वाचायची जागा ३६ टक्के वाढते. सहाच्या तुलनेत १०.३ इंची स्क्रीन जवळजवळ तिप्पट आहे. याउलट ७.८ आणि ८ मधला फरक रुंदीत तीन-चार मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. ऑनिक्स बूक्सचा पामा ६.१३ इंची आहे, पण त्याचा आकार मोबाइलसारखा उभट, २:१ प्रमाणातला. त्याची रुंदी जेमतेम ७० मिमी भरते. कागदावर तो सहा इंचीपेक्षा मोठा दिसतो, हातात मात्र ओळ बरीच आखूड मिळते.

सहा इंच हे माप काही कुणी वाचकांना विचारून ठरवलेलं नाही. २००६ चा सोनी रीडर आणि २००७ चं पहिलं किंडल, दोन्हींना सहा इंची, ८०० बाय ६०० पिक्सेलचं पॅनेल होतं. पुढची अनेक वर्षं तेच माप रूढ राहिलं. किंडल पेपरव्हाइट २०१२ ते २०१८ पर्यंतच्या आवृत्त्यांत सहा इंची होतं, २०२१ मध्ये ६.८ झालं आणि २०२४ मध्ये ७. आज सात इंची हा मधला आकार झाला आहे. त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वीचे सल्ले वाचताना त्यातलं 'पेपरव्हाइट' कुठल्या मापाचं आहे ते आधी बघा.

वाहता मजकूर

ई-पब (ई-बुकचा एक फाइल-प्रकार) किंवा किंडलच्या दुकानातलं पुस्तक असेल तर मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने पडतात आणि पानं वाढतात. इथे स्क्रीनच्या मापाचा एकच परिणाम महत्त्वाचा आहे: एका ओळीत किती शब्द बसतात.

छापील पुस्तकाएवढंच अक्षर ठेवलं आणि दोन्ही बाजूंचा समास पाच-सहा मिलिमीटर धरला, तर सहा इंची स्क्रीनवर साधारण सात शब्दांची ओळ पडते, सात इंचीवर आठ-नऊ, आठ इंचीवर दहाच्या आसपास. इंग्रजीत सात शब्दांची ओळ चालून जाते, कारण तिथे लांब शब्द तोडून पुढच्या ओळीत नेण्याची सोय बहुतेक उपकरणांत आहे. मराठीत ती क्वचित धड चालते. वर आपले शब्द प्रत्यय जोडून जोडून लांबतात. 'विद्यापीठांमधल्या', 'त्यांच्याबरोबरच्यांनी' असे दोन शब्द लागोपाठ आले की आखूड ओळीत उरलेल्या दोन-तीन शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात, कारण सेटिंगमध्ये ओळ दोन्ही बाजूंनी सरळ करायचं ठरलेलं असतं. सहा इंचीवर मराठी वाचायचं असेल तर पहिलं काम म्हणजे मजकूर फक्त डावीकडे सरळ ठेवणं. किंडलमध्ये आणि कोबो कंपनीच्या रीडरमध्ये, दोन्हीकडे तो पर्याय आहे. उजवी कड ओबडधोबड दिसते, पण डोळा अडखळत नाही.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय 'द्ध', 'ट्ठ' सारखी उभी जोडाक्षरं. इंग्रजीसाठी ठीक वाटणारं अंतर मराठीत दाटीचं होतं. एक पायरी वाढवावीच लागते, आणि पायरी वाढवली की पानावरच्या दोन-तीन ओळी कमी होतात. सहा इंची स्क्रीनवर तेवढं नुकसान चांगलंच जाणवतं. दर अर्ध्या मिनिटाला पान उलटावं लागतं. सात इंचीवर त्याची फारशी पर्वा वाटत नाही.

म्हणून वाहत्या मजकुरासाठी माझं मत सरळ आहे: सात इंच. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचायचं असेल, किंवा उपकरण जॅकेटच्या खिशात राहायलाच हवं असेल, तर सहा. कादंबऱ्या आणि कथासंग्रहच वाचणार असाल तर दहा इंचांवर पैसे घालवू नका. तिथे ओळ इतकी लांब पडते की दोन्हीकडचे समास मुद्दाम वाढवून ती आखूड करावी लागते.

गोठलेलं पान

खरा घोळ पीडीएफचा, जिथे ओळी नव्याने पडत नाहीत, पान गोठलेलंच असतं. इथे अंदाज चालत नाही, भागाकार करावा लागतो. सुदैवाने तो सोपा आहे.

बऱ्याच मराठी कादंबऱ्या आणि वैचारिक पुस्तकं डेमी आकारात छापलेली असतात, म्हणजे पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. पानाच्या मापाला इथे महत्त्व नाही. समास कापून टाकता येतात, म्हणून मोजायची ती मजकुराची चौकट. ती बहुधा १०८ बाय १७० मिमीच्या आसपास भरते. तुमच्याकडच्या पुस्तकावर पट्टी ठेवून खात्री करा. आता स्क्रीनच्या रुंदीला चौकटीच्या रुंदीने भागा, उंचीला उंचीने भागा आणि दोहोंतला लहान आकडा घ्या. तेवढ्या प्रमाणात पान दिसेल.

सहा इंचीवर उंचीचा भागाकार १२२ भागिले १७०, म्हणजे ७२ टक्के. सात इंचीवर ८४ टक्के. ७.८ वर ९३, आठवर ९६. १०.३ वर १२३ टक्के, म्हणजे छापील पुस्तकापेक्षा मोठं.

हे टक्के डोळ्याला कसे वाटतात ते कळण्यासाठी त्याच पुस्तकातलं 'क' किंवा 'म' शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजा. बऱ्याच पुस्तकांत ते अडीच मिमीच्या जवळपास असतं. सहा इंचीवर ते १.८ होईल, सातवर २.१, ७.८ वर २.३. दोन मिमीच्या खाली गेलं की चाळिशीच्या पुढचा वाचक पाच-दहा पानांत कंटाळतो, आणि 'घ' व 'ध', 'थ' व 'य' ओळखायला स्कॅन चांगल्या प्रतीचा असावा लागतो. आणखी सोपी चाचणी हवी असेल तर जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्या पानाची ७० टक्क्यांवर आणि ८५ टक्क्यांवर अशा दोन प्रती काढून आणा. ए-४ चं ए-५ करताना मशीन जेवढं लहान करतं, तेवढंच ते ७० टक्के. दोन्ही प्रती रात्री घरच्या दिव्याखाली वाचून बघा. चार-पाच रुपयांत जे कळतं ते कुठल्याही रिव्ह्यूत नसतं.

या हिशेबाने डेमी पुस्तकांच्या स्कॅनसाठी ७.८ किंवा ८ इंच हे माप सर्वांत नेमकं बसतं. पॉकेटबुकच्या इंकपॅड मालिकेत ७.८ इंची उपकरणं आहेत, कोबोचा सेज आठ इंची आहे. भारतात ही मापं दुकानात सहज मिळत नाहीत, मागवावी लागतात, आणि मग दुरुस्ती-वॉरंटीचा प्रश्न येतो. ते जमणार नसेल तर सात इंची घेऊन समास नीट कापणं हा दुसरा मार्ग.

समास कापण्याचं काम उपकरणावर सोडण्यापेक्षा संगणकावर करा. ब्रिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर सगळी पानं एकमेकांवर ठेवून दाखवतं, त्यावर चौकट ओढली की पूर्ण पुस्तक एकाच वेळी कापलं जातं. डावी आणि उजवी पानं वेगळी धरतं, हा मोठा फायदा, कारण शिवणीकडचा समास बहुतेक पुस्तकांत जास्त असतो. कापताना पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा पानक्रमांकही चौकटीबाहेर ठेवा. त्यातून दहा-बारा मिलिमीटर उंची वाचते. सात इंची स्क्रीनवर १७० ऐवजी १५८ मिमी बसवायचे झाले की ८४ चे ९० टक्के होतात. सहा इंचीवर ७२ चे ७७.

वेडावाकडा स्कॅन असेल, म्हणजे पानं तिरकी किंवा खालीवर सरकलेली, तर एकच चौकट सगळ्यांना लागू पडत नाही आणि एखाद्या पानाची कडेची अक्षरं कापली जातात. अशा वेळी केओरीडर हे वाचनाचं सॉफ्टवेअर उपयोगी. ते प्रत्येक पानाचा मजकूर स्वतः शोधून कापतं, फिकट स्कॅन गडदही करून देतं. कोबो, पॉकेटबुक आणि बूक्ससारख्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या उपकरणांवर ते सरळ बसवता येतं. किंडलवर त्यासाठी कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडावं लागतं, आणि नव्या मॉडेलांत किंवा नव्या अपडेटनंतर ते दर वेळी शक्य असतंच असं नाही. त्या भरवशावर किंडल घेऊ नका.

स्क्रीन आडवा करून वाचण्याचा उपायही आहे, आणि त्यामागचं गणित गमतीचं आहे. आडवा केला की चौकटीची रुंदी स्क्रीनच्या लांब बाजूत बसते, म्हणजे सहा इंचीवर डेमीचं अक्षर ११३ टक्के होतं, सात इंचीवर १३१. पण एका वेळी पानाचा किती भाग दिसतो? चौकटीच्या रुंदीच्या पाऊणपट उंचीचा, म्हणजे ८१ मिमी. हे ४:३ च्या कुठल्याही स्क्रीनला लागू आहे, सहा असो वा दहा. माप वाढवल्याने अक्षर वाढतं, पानाचे तुकडे तेवढेच राहतात. १७० मिमीची चौकट म्हणजे दोन तुकडे आणि वर एक-दोन ओळींचा तिसरा, जो फार चीड आणतो. म्हणून नियम असा: कापल्यानंतरची उंची रुंदीच्या दीडपटीपेक्षा थोडी कमी असली पाहिजे. १०८ ला दीडपट १६२. माथा आणि पानक्रमांक कापून १५८ वर आणलं की पान बरोबर दोन नजरांत संपतं, आणि तुकड्याच्या सीमेवरची ओळ दोन्हीकडे दिसायला चार मिलिमीटर शिल्लकही राहतात. सहा इंची रीडर आधीच घरात असेल तर नवा घेण्याआधी हे करून बघाच.

पीडीएफचं ई-पब करून घेऊ, मग सहा इंचही पुरतील, असं वाटणं साहजिक आहे. मराठीत इथे दोन खड्डे आहेत. स्कॅनमध्ये मजकूर नसतोच, नुसती चित्रं असतात, त्यामुळे आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करावा लागतो, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईवर देवनागरी ओसीआर इतक्या चुका करतो की पूर्ण मुद्रितशोधन करावं लागतं. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत जुळवलेल्या पीडीएफमध्ये मजकूर दिसायला स्वच्छ मराठी असतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. कॅलिबर या ई-बुकच्या सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर केलं की हाती निव्वळ खिचडी लागते. ओळखण्याची युक्ती: संगणकावर त्या पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करा आणि कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटलं तर रूपांतराला वाव आहे, आणि तेव्हाही वेलांट्या आणि रफार जागच्या जागी आहेत का ते पाहा. भलतंच काही उमटलं तर ते पान गोठलेलंच समजून वरचा भागाकार करा.

अशा फाइलींसाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचा एक मधला मार्ग आहे. तो मजकूर वाचायच्या भानगडीत पडत नाही. पानाच्या चित्रातून शब्दांचे तुकडे कापतो आणि लहान स्क्रीनच्या मापाने पुन्हा ओळीत मांडतो. शिरोरेघेमुळे आपला शब्द सलग असतो, त्यामुळे शब्द मध्येच तुटण्याची भीती कमी. अडतं ते ओळींवर: छपाई दाट असेल आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडला असेल, तर त्याला ओळ कुठे संपली ते कळत नाही. तळटीपा, कविता आणि कोष्टकं असलेल्या पुस्तकांवर वापरू नका. फाइलही बरीच फुगते.

ए-४ आणि दिवाळी अंक

शासन निर्णय, विद्यापीठाचे प्रबंध, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स हे सगळं ए-४. चारी बाजूंनी इंचभर समास धरला तर मजकुराची चौकट १६० बाय २४७ मिमी. आठ इंचीवर हे ६६ टक्क्यांना दिसेल, म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर आठ पॉइंटचं. १०.३ इंचीवर ८५ टक्के, बाराचं दहा पॉइंट, जे अभ्यासाला चालतं. १३.३ इंचीवर १०९ टक्के.

बरेच दिवाळी अंक सात बाय साडेनऊ इंचांच्या आसपासच्या पानावर, दोन स्तंभांत असतात. त्यांची चौकट १५० बाय २०५ मिमी धरली तर १०.३ इंची स्क्रीनवर अंक जवळजवळ छापील मापातच उमटतो. अंकांचे स्कॅन वाचणाऱ्यांना दहा इंचीचं खरं सुख तेच. लहान स्क्रीनवर एक स्तंभ मोठा करून वाचायचा, मग बोटाने पान ओढत दुसऱ्या स्तंभाच्या माथ्याशी जायचं, हे ई-इंकच्या संथ पडद्यावर फार त्रासाचं होतं. रंगीत व्यंगचित्रं आणि जाहिराती पाहायच्या असतील तर मात्र साधा टॅबलेट बरा.

१३.३ इंचाचं काय? संगीताची नोटेशन, नकाशे, दोन स्तंभांतले शोधनिबंध यांसाठी ते योग्य आहे, आणि टेबलावरच वापरण्यासाठी. बाकी कुणाला मी ते सुचवणार नाही.

लेखणीने पानावर लिहायचं असेल तर दहा इंचांखाली जाऊ नका. छोट्या स्क्रीनवर अक्षर काढायला तळहात टेकवायला जागाच उरत नाही.

वजन आणि हात

मोठ्या स्क्रीनची किंमत मनगट भरतं. सहा इंची साधं किंडल १५८ ग्रॅम. सात इंची २०२४ चं पेपरव्हाइट २११, कोबो लिब्रा कलर सुमारे २००. आठ इंची कोबो सेज सुमारे २४०. मग दहाच्या घरात गेलो की आकडे दुप्पट: कोबो एलिप्सा २ई ३९०, रीमार्केबल २ ४०३, २०२२ चं किंडल स्क्राइब ४३३. हे सगळं कव्हराशिवाय. चुंबकावर उघडमीट होणारं कव्हर सहा-सात इंचीला साधारण शंभर ग्रॅम वाढवतं, दहा इंचीला त्याहून बरंच जास्त. दुकानात दोन मिनिटं हातात धरून वजन कळत नाही. जेवढं वजन लिहिलं आहे तेवढी साखर किंवा तांदूळ पिशवीत भरून, हाताला आधार न देता वीस मिनिटं धरून बसा. चारशे ग्रॅम तेव्हा बोलायला लागतात.

वजनाइतकीच पकड महत्त्वाची. साध्या किंडलची पूर्ण रुंदी १०९ मिमी आहे, मध्यम हाताच्या पंज्यात दोन्ही कडा धरता येतात. पेपरव्हाइट १२८ मिमी आहे, ते एका कडेला चिमटीत धरावं लागतं आणि अंगठा स्पर्शपडद्यावर पडून पान उलटतं. लिब्रासारख्या उपकरणात एका बाजूची पट्टी रुंद आणि त्यावर पान उलटायची बटणं असतात. झोपून वाचणाऱ्यांनी आणि एका हाताने वाचणाऱ्यांनी अर्ध्या इंचापेक्षा या बटणांना जास्त किंमत द्यावी.

आईवडिलांसाठी घेताना दोन गरजा एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. दृष्टी मोठं अक्षर मागते आणि मोठं अक्षर मोठा स्क्रीन मागतं. बोटांचे सांधे हलकं उपकरण मागतात. छापील अक्षराच्या सव्वापट अक्षर ठेवलं तर सहा इंचीवर ओळीत पाच-सहा शब्दच उरतात, सात इंचीवर सात. सात इंची, बटणं असलेलं, आणि कव्हराऐवजी मांडीवर किंवा उशीवर टेकवायचा स्टँड, ही जोडी सहसा जमते. दहा इंची फक्त तेव्हाच, जेव्हा वाचन टेबलाशी बसून होणार आहे.

मोठं पॅनेल नाजूकही असतं. बहुतेक ई-इंक पॅनेलांत आत काचेचा पातळ थर असतो. दहा इंची उपकरण दप्तरात डब्याशेजारी कोंबलं आणि वर कुणी टेकलं, तर वरची काच अभंग राहून आतला थर तडकतो. पडद्यावर कायमच्या रेघा आणि एक न बदलणारा कोपरा, ही त्याची खूण. पॅनेल बदलण्याचा खर्च उपकरणाच्या किमतीच्या इतका जवळ जातो की कुणी बदलत नाही.

पिक्सेलची दाटी

मोठा स्क्रीन म्हणजे स्पष्ट स्क्रीन नव्हे. एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे पीपीआय, हा आकडा वेगळा पाहा. ३०० पीपीआय हे आजचं चांगलं माप. सहा, सात, आठ इंची उपकरणं आता बहुधा ३०० चीच असतात. दहा इंचीत मात्र दोन जाती आहेत: १४०४ बाय १८७२ पिक्सेलची, म्हणजे २२७ पीपीआय, आणि १८६० बाय २४८० ची, म्हणजे ३००. किंडल स्क्राइब आणि बूक्स गो १०.३ दुसऱ्या जातीतली. वाहत्या मजकुरात २२७ खुपत नाही. ए-४ चं पान ८५ टक्क्यांवर दाबून बसवल्यावर मात्र तळटीपांमधली जोडाक्षरं भरून जातात.

वापरलेलं उपकरण घेताना हे आधी तपासा. साधं किंडल २०१९ च्या आवृत्तीपर्यंत १६७ पीपीआयचं होतं, २०२२ मध्ये ते ३०० झालं. दिसायला दोन्ही सारखीच. १६७ वर बारीक अक्षरात अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि रफार व मात्रा वेगळी ओळखू येत नाही. पेपरव्हाइट २०१५ पासून ३०० चं आहे.

रंगीत ई-इंकमध्ये कॅलिडो ३ जातीचं पॅनेल काळ्या-पांढऱ्या मजकुराला ३०० पीपीआय देतं, रंगाला १५०. वरच्या रंगगाळणीमुळे पार्श्वभूमी करडी दिसते आणि फ्रंट लाइट (पडद्यावर उजेड टाकणारा उपकरणातला दिवा) दिवसाही लावावा लागतो. फक्त मजकूर वाचणाऱ्यांनी त्याच पैशांत एक माप मोठा काळा-पांढरा स्क्रीन घ्यावा.

पैसे देण्याआधी शक्य झालं तर त्या उपकरणावर एक छोटी ई-पब फाइल उघडून पाहा. तिच्यात हे शब्द टाका: ऱ्हास, दुसऱ्यांच्या, वाङ्मय, उद्घाटन, कर्तृत्व, स्त्रियांनी, शक्तीर्थ्य. शेवटचा शब्द निरर्थक आहे, मुद्दाम, तीन व्यंजनांच्या गर्दीत रफार कुठे जातो ते बघायला. पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर त्या उपकरणाला देवनागरी जुळवता येत नाही, आणि स्क्रीन कितीही इंची असला तरी तुमच्या कामाचा नाही. फॉन्ट आवडला नाही तर ती किरकोळ बाब. किंडल आणि कोबो दोन्हींत 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःचा फॉन्ट टाकता येतो. मुक्त, शोभिका, यशोमुद्रा किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी जाड रेघांचा जो वाटेल तो घ्या. बारीक रेघांचा फॉन्ट कागदावर देखणा दिसतो, ई-इंकवर फिकट पडतो.

उपकरण घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत रात्री खोलीतला दिवा बंद करून फ्रंट लाइट सर्वांत कमी आणि मग मध्यम पातळीवर ठेवा आणि कोरं पान उघडा. तळाशी दिव्यांच्या शंकूसारख्या सावल्या, एका बाजूला पिवळट आणि दुसऱ्या बाजूला निळसर छटा, सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके हे दोष दिसतात का ते पाहा. स्क्रीन जितका मोठा, तितका प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणं अवघड, त्यामुळे दहा इंचीत ही तपासणी चुकवू नका. मग तुमच्या संग्रहातली सर्वांत जड स्कॅन पीडीएफ टाका आणि सलग वीस पानं उलटा. पान यायला दोन-तीन सेकंद लागत असतील तर आधी फाइल संगणकावर हलकी करून पुन्हा बघा. तरीही लागत असतील तर परत करा.